भर दुपारचा घास

सोमवार, ४ जुलै १९३२. सकाळपासून झड. सरपण ओलं, चूल धुमसत राहिली. यजमान बांधाच्या उघाडीपर्यंत, पाणी सोडायच्या दारापर्यंत, जाऊन भिजून आले. आल्याचा काढा दिला. दुपारी भात, वालाचं बिरडं, भाजलेले सुके बोंबील. ठमीला पानावर वाढलं. आजही तिनं खाल्लं नाही. सगळं मडक्यात भरून घेऊन गेली. भात उरला नाही.

ही नोंद रतनची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि रेवसहून खाडीनं आत गेलं की लागणाऱ्या माणखार गावात ती नवऱ्याबरोबर नुकतीच राहायला आली होती. भास्करराव मिठाच्या खात्यात होते. त्यांना मिळालेलं कौलारू घर गावाबाहेर, जरा उंचावर होतं. मागच्या दारात उभं राहिलं की खाली भाताची खाचरं, त्यापलीकडे मातीचा लांबच लांब बांध आणि बांधापलीकडे खाडी दिसायची. भरतीला खाडीचं पाणी खाचरांपेक्षा वर असायचं. रतनला सुरुवातीला ते बघून घेरी यायची. भात खाली, समुद्र वर, आणि मध्ये नुसती माती.

ती मुंबईच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. तिथल्या नन्सनी तिला दोन सवयी लावल्या होत्या. रोज दिवे लागल्यावर तारीख घालून चार ओळी लिहायच्या, आणि तिन्ही वेळा ठरल्या घटकेला जेवायचं. पोट रिकामं ठेवणं हा देहाचा अपमान आहे, असं थोरली सिस्टर सांगायची. रतननं दोन्ही सवयी सासरी आणल्या, आणि दुसरीपायी पहिल्याच आठवड्यात तिची ठमीशी गाठ पडली.

ठमी घरकामाला यायची. पाणी भरणं, भांडी, सारवण, सगळं तिच्याकडे. आगरी बाई, उंच, वाळलेली, पन्नाशीची असेल किंवा चाळिशीचीही. उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं वय पुसून टाकलं होतं. सकाळी येताना मीठ घातलेल्या पेजेचं नुसतं वरचं पाणी पिऊन यायची. मग दिवस मावळेपर्यंत तोंडात काही नाही. रतन वाढायची, ती "व्हय बाय" म्हणायची आणि पानावरचं सगळं शीत न् शीत गोळा करून मडक्यात भरायची.

"ठमाबाई, घरी कुणी लहान आहे का? त्याच्यासाठी नेतेस?"

"कोनी न्हाय बाय. मीच खातंय."

"मग इथंच खा ना. गरम आहे."

"सांजचं खाईन."

मासळी घेऊन येणारी बायजा ओट्यावर टोपली टेकून हे ऐकत होती. ती खुदकन हसली. "बाय, तुमची ठमी म्हंजे दिसाची बकरी नि सांजची वाघीन. तिच्या पानावर तीन गडी जेवतील. खातंय कुठं नि जातंय कुठं, तिलाच ठावं."

"तुज्या टोपलीतलं खातंय काय गो?" ठमी म्हणाली. "तुजी कोलंबी तर कालची हाय. ती वाघीन पन खायची न्हाय."

बायजा टोपली उचलून निघाली, पण फाटकाशी थांबून तिनं रतनला खूण केली. रतन गेली तशी ती दबक्या आवाजात म्हणाली, "ती एकटी न्हाय जेवत, बाय. इचारू नका तिला." आणि "घ्या गो बोंबील" अशी हाळी देत वळणावरून दिसेनाशी झाली.

रतननं विचारलं नाही. पण श्रावणात एका संध्याकाळी घरातलं रॉकेल संपलं म्हणून ती ठमीच्या झोपडीकडे गेली. झोपडी बांधाच्या पायथ्याला, अगदी बांधाला पाठ लावून होती. ओहोटी पार उतरली होती. खाडीतून चिखलाचा वास येत होता. दिवा दाराशी ठेवून ठमी आत जेवत बसली होती, आणि रतन बाहेरच थबकली.

पानावर भाताचा ढीग होता. दुपारचं, सकाळचं, रतननं दिलेलं, स्वतः रांधलेलं, सगळं एकत्र. बाजूला तीन भाकऱ्या आणि तळलेली मांदेली. ठमी घाई न करता जेवत होती. प्रत्येक घास नीट चावून, जसं आजाऱ्याला भरवतात तसं स्वतःलाच भरवत होती. तिचा डावा तळवा मागे बांधाच्या ओल्या मातीवर टेकलेला होता. चघळण्याचा आवाज शांततेत स्पष्ट येत होता. घास गिळून ती थांबली. पण आवाज थांबला नाही. आणखी दोन-तीन क्षण तो येत राहिला, मातीच्या बाजूनं.

खेकडे असतील, असं रतननं स्वतःला सांगितलं. बांधात खेकड्यांची बिळं असतातच. रॉकेल न मागताच ती परत आली आणि त्या दिवशीच्या रोजनिशीत तिनं फक्त एवढं लिहिलं, की तेल संपलं आहे, मेणबत्तीवर भागवलं.

भाद्रपदात तांदूळ निवडायला दोघी मागच्या ओटीवर बसल्या होत्या. भर दुपार होती. अमावास्येचं पाणी चढत होतं. अशा दिवशी ठमी कधी आडवी व्हायची नाही. खाडीकडे तोंड करून बसायची. त्या दिवशी तिचे हात सुपात सावकाश चालत होते. मनगटाची हाडं वर आली होती. रतनला राहवलं नाही.

"ठमाबाई, असं किती दिवस चालेल? मरशील तू. एक घास खा माझ्यासमोर."

ठमीनं सूप खाली ठेवलं. मग बांधावरच्या वाकड्या झाडाकडे बोट करून म्हणाली, "थय, ती वाकडी करंजी दिसतंय? तिच्याखाली माजा घोव हाय."

आणि तिनं सांगितलं. माणखारची रीत अशी, की बांधाला खांड पडली, म्हणजे पाण्यानं बांध फोडून वाट केली, की ती बुजेपर्यंत गावात दिवसा कुणी जेवायचं नाही. कारण सोपं होतं. उधाणाची भरती पुनवेला आणि अवसेला भर दुपारीच येते, आणि पोटात भात पडला की माणसाला दुपारी डोळा लागतो. म्हणून सगळ्या घरांनी दिवसाचं अन्न राखून ठेवायचं, आणि सांजेला ओहोटी लागली, दिवे लागले, की बांधावर बसून एकदमच जेवायचं. काळूराम, ठमीचा नवरा, रतनचं लग्न व्हायच्या सात-आठ वर्षं आधीच्या एका मोठ्या खांडीत उतरला होता. शेवटचं भगदाड उरलं होतं. तो त्यात उभा राहून बांबूच्या तट्ट्याला पाठ देऊन पाणी धरत होता आणि बाकीचे दोन्हीकडून चिखल लोटत होते. भरती वेळेआधी चढली. दोन्हीकडची माती घसरली आणि मध्यावर एक झाली.

"खांड बुजली," ठमी म्हणाली.

"आणि तो?"

"तो आतच व्हता. सगल्यांनी बघितलं. हिरामन भावोजी, त्याचा सख्खा भाऊ, तोच म्हनला, आता उकरला तर बांध जाल, गावाचा भात जाल. कोनी उकरला न्हाय. सांजचं सगलं गाव बांधावर जेवलं. त्याचं पान मज्यासमोर ठेवलं. मी त्याचं पन खाल्लं नि माजं पन."

रतनच्या हातातले तांदूळ ओघळून पडले.

"तवापासून दिसाची भरती तो धरतंय, रातची मी. मी सांजचं खाल्लं का त्याला पोचतं. मंग तो निजतंय, मी जागी ऱ्हातंय. दिसाचा त्याला उपाशी ठेवायला लागतं, बाय. पोट भरलं का त्याला झोप यायची. जिता व्हता तवा पन तसाच व्हता मेला, जेवला का घोरायला लागायचा." आणि ती चक्क हसली, नवऱ्याची खोडी सांगताना बायका हसतात तशी.

रतन हसली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. ही बाई उपासानं वाळत चालली आहे, गावाला ते माहीत आहे, आणि गाव तिला वाळू देत आहे. तिनं हिरामणला निरोप धाडला. तो आला, पायरीखालीच उभा राहिला. दाट पांढऱ्या भुवयांचा, बोलायला मोजका. गावाच्या बांधाची देखरेख त्याच्याकडे होती.

"तुमची भावजय आहे ती. तिला समजवा. हा काय वेडेपणा?"

हिरामण बांधाकडे बघत राहिला. "बायसाब, त्या जाग्याला बांध कंदी पाझरला न्हाय. बाकी सगलीकडं दर साली माती टाकाया लागते. थय न्हाय." मग म्हणाला, "आवंदा पीक बरा हाय. लोंबी भरतंय. तेवढी कोजागरीची भरती जाऊंद्या." आणि पागोट्याला हात लावून निघून गेला.

शुक्रवार, चौदा ऑक्टोबर. कोजागरी. भास्करराव कामासाठी पेणला गेले होते. सकाळपासून ऊन असं होतं, की खाडी चांदीच्या पत्र्यासारखी डोळ्यांत घुसत होती. रतननं पाणी चढताना बघितलं. ते लाटा न करता, नुसतं फुगत येत होतं. खाली खाचरांत भात पिवळा पडू लागला होता.

ठमी विहिरीवरून हंडा घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कोसळली. हंडा आपटला, पाणी चुलीपर्यंत गेलं. रतननं तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंग थंडगार, डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे. नाडी सापडेना. हाका मारून उत्तर नाही. चुलीच्या वैलावर नाचणीचं सत्त्व होतं, रतननं स्वतःसाठी केलेलं, दूध-गूळ घालून, वर वेलदोड्याची पूड. तिनं चमचा घेतला.

क्षणभर तिचा हात थांबला. सुपापाशी ऐकलेलं सगळं तिला आठवलं. मग ते तिनं झटकून टाकलं आणि ठमीचे दात चमच्यानं किंचित उघडून पहिला घोट आत सोडला. घसा हलला. दुसरा. तिसरा. वाटी निम्मी झाली तेव्हा ठमीच्या गालावर रंग आला आणि ती शांत झोपी गेली. रतननं देवाचे आभार मानले.

पण झोप विचित्र होती. ठमी घोरत होती. जाड, खोल, पुरुषासारखं घोरणं. ते घरात घुमत होतं. रतनला वाटलं, आवाज खालून, जमिनीतून येतो आहे. ती उठली आणि मागच्या दारात गेली. वाकड्या करंजीखाली बांधाच्या अलीकडच्या अंगाला एक काळा, ओला डाग पडला होता. सकाळी तो नव्हता. तिच्या देखत डाग लांबला, त्यातून बोटभर धार निघाली. आधी निवळ, मग गढूळ. करंजी जागच्या जागी एकदा डोलली. वारा नव्हता.

"खांड!" खालून कुणीतरी ओरडलं. "खांड पडली रे!"

मागे घोरणं बंद झालं. ठमी उठून बसली होती. तिनं जीभ ओठांवरून फिरवली, पुन्हा फिरवली. दारातल्या उन्हाकडे बघितलं.

"अजून दीस हाय?" तिनं विचारलं.

रतनची नजर निम्म्या वाटीकडे गेली.

"मना काय दिलंस, बाय?"

उत्तराची वाट न बघता ती धावत सुटली. रतन तिच्या मागे. आयुष्यात पहिल्यांदा ती अनवाणी घराबाहेर पडली होती.

भरतीच्या वेळी खांड बुजवता येत नाही; फक्त रुंद होऊ द्यायची नाही. पुरुष कमरभर पाण्यात तट्टे धरून उभे राहिले, बायका पेंढ्याचे भारे देत राहिल्या. खारं पाणी भातात पसरत होतं. कडेची चार खाचरं बघता बघता गेली. रतनला कुणी काम सांगितलं नाही, कुणी हटकलंही नाही. ती हिरामणपुढे जाऊन उभी राहिली.

"मी तिला भरवलं. ती बेशुद्ध होती. तिचा दोष नाही."

हिरामणनं तिच्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. तिथं जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं, जणू त्याला हिशेब कळला होता. "तुमी जेवलाव काय, बायसाब?" त्यानं विचारलं.

"नाही अजून."

"मंग जेवू नका," तो म्हणाला, आणि चिखलाची पाटी तिच्या हातात दिली.

ऊन कललं, पाणी उतरू लागलं. खांडीचे काठ उघडे पडले. नवी माती धरायला हवी तर आधी सुटलेली जुनी माती काढावी लागते. हिरामण स्वतः फावडं घेऊन उतरला. चार-सहा घावांनंतर तो थांबला आणि फावडं बाजूला ठेवून हातानं माती काढू लागला.

काळूराम उभाच होता. पाठ तट्ट्याच्या कुजक्या बांबूंना लागलेली, दोन्ही हात बाजूला पसरलेले, बोटं मातीत रुतलेली. हाडंच राहिली होती, पण चिखलानं त्यांना जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. ती त्याची लहानपणीच कोयत्यानं गेली होती, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. मान मात्र छातीवर पडली होती. बसल्या जागी डुलकी लागलेल्या माणसाची पडते तशी.

ठमी पुढे झाली. तिनं दोन्ही हातांनी ती मान हळूच वर केली. जबडा उघडला आणि त्यातून काहीतरी तिच्या बोटांवर ओघळलं. तांबूस, दाटसर. खाडीचा चिखल करडा असतो. रतन हातभर अंतरावर होती; त्या सगळ्या चिखलाच्या घाणीतून तिला ओळखीचा, गोडसर वास आला.

ठमीनं बोटं नाकाशी नेली. मग वळून, अगदी साध्या आवाजात, उद्याचा बेत विचारावा तसं विचारलं, "वेलदोडा घातला व्हतास व्हय, बाय?"

रतननं मान हलवली. बाकी कुणाला काही कळलं नाही. ठमीनं बोटं पदराला पुसली.

त्याला वर काढलं. बायांनी पांघरायला नवं कापड आणलं, खाडीकाठीच लाकडं रचली. एका बाजूला चिता जळत होती आणि दुसऱ्या बाजूला गाव खांड बुजवत होतं, कारण मध्यरात्रीची भरती कुणासाठी थांबणार नव्हती. रतन पाट्या वाहत राहिली. तळहात फुटले. शेवटचं भगदाड उरलं तेव्हा पुरुष एकमेकांकडे बघू लागले. आत कुणी उतरेना. रतननं हातातला चिखलाचा गोळा तिथं टाकला, गुडघे टेकले, आणि दोन्ही तळव्यांनी तो दाबून धरला. वरून बाकीच्यांनी माती लोटली. तिनं हात ओढून घेतले तेव्हा मातीनं ते सोडायला किंचित वेळ लावला, एखाद्याच्या पकडीतून सोडवून घ्यावेत इतका.

चांदणं वर आलं. घराघरांतून दिवसभर राखलेलं अन्न बांधावर आलं. भात, भाकऱ्या, सुकटीचं कालवण. बायजानं रतनपुढे पान मांडलं आणि नेहमीची थट्टा न करता भात वाढला, वाढतच गेली. रतन नको म्हणाली नाही. तिला अशी भूक कधीच लागली नव्हती. ती सगळं जेवली. समोर ठमी बसली होती. तिनं चार घास खाल्ले आणि हात धुतला. "पोट भरलं," ती आश्चर्यानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पाणी आदल्या दिवसापेक्षाही वर येणार होतं. ठमी उशिरा आली, झोप पुरती झालेल्या चेहऱ्यानं. दुपारी रतननं तिला भात, वरण, वांग्याची भाजी वाढली. ठमीनं मडकं आणलंच नव्हतं. ती पानावर बसली, सावकाश जेवली, दुसऱ्यांदा भात मागून घेतला, आणि ओटीवर पदर पसरून निजली. घोरली नाही.

पेणहून सकाळीच परतलेले भास्करराव पाटावर येऊन बसले. "अगं, तुझं पान?"

"तुम्ही घ्या. मी नंतर बसेन."

"बरं नाही का?"

"बरी आहे."

तिनं आपलं ताट झाकलं आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं होतं. वाकड्या करंजीखालची नवी माती उन्हात कोरडी, फिकट दिसत होती. कुठेही डाग नव्हता. रतनच्या तळहातांना मात्र मनगटापर्यंत गारवा लागत होता, आणि त्यांच्यावर काहीतरी मोठं, संथ, पलीकडून रेलून उभं होतं. तिनं हात दाराच्या चौकटीवर टेकले आणि पाणी उतरेपर्यंत ते काढले नाहीत. पोटात भूक होती. डोळ्यांवर झोप नव्हती.

दिवे लागल्यावर तिनं हात धुतले, आणि जेवून उठल्यावर दौत पुढे ओढून लिहिलं:

शनिवार, १५ ऑक्टोबर १९३२. ऊन कडक. यजमान पेणहून आले. ठमी दुपारी जेवली. माझं ताट झाकून ठेवलं होतं, ते आणि रात्रीचं मिळून दिवेलागणीनंतर जेवले. उद्यापासून संध्याकाळी तांदूळ एक मापटं जास्त लावायचा.